अर्धा अंश

हिराजीकाका,

तुम्ही गेल्याचं मला शंकरने सांगितलं. सकाळी पावणेनऊला, कारखान्याच्या फाटकाशी, सायकल लावता लावता. "काका गेले परवा. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत राहिले नाहीत." शंकर फिटर, तुमच्या शेजारच्या बाकावर सगळं आयुष्य काढलेला माणूस. त्याचे डोळे लाल होते. माझे नव्हते. मी "अरेरे" म्हणाले आणि जिना चढून वर आले. खरं लिहायचं तर त्या जिन्यावर मला हलकं वाटलं. माझ्याबद्दल सगळं माहीत असलेला एक माणूस जगातून कमी झाला होता. मग मी पंखा लावला आणि दिवसाची कामं मशिनांना वाटून दिली.

आज त्याला आठ दिवस झाले. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे लिहायला मी बसलेली नाही. ते तुमच्या गावाला माहीत आहे. जे गावाला माहीत नाही ते तुम्हालाच सांगते.

मी नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, दोन वेण्या, आणि हातात नवीकोरी पट्टी. आपला कारखाना म्हणजे पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतली एक लांबट शेड. रसायनांच्या, खतांच्या कारखान्यांत जुने परदेशी व्हॉल्व्ह असायचे. त्यांचे भाग झिजले की मूळ कंपनी एक तर बंद पडलेली असायची, नाही तर वर्षभराने देते म्हणायची. मग ते लोक झिजलेला तुकडा गोणपाटात गुंडाळून आपल्याकडे आणायचे. कुणाला दोन नग हवे, कुणाला अकरा. तो तुकडा मोजायचा, ड्रॉइंगशी ताडायचा आणि कागदावर लिहायचं: कोणतं पोलाद, आधी काय करायचं, मग काय, कोणत्या मशिनवर, किती वेळात. हे माझं काम. त्या कागदाला प्रोसेस शीट म्हणायचे. आणि तो कागद बघून लेथवर भाग घडवायचा, हे तुमचं. निदान नियमात तरी तसं होतं.

पहिली शीट घेऊन मी तुमच्या लेथपाशी आले तेव्हा तुम्ही कागद हातात घेतला नाहीत. तुम्ही कसेबसे चौथीपर्यंत गेलेले. आकडे आणि ड्रॉइंग झरझर वाचायचात, ओळी मात्र नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही शंकरला म्हणालात, "वाच रं." शंकर मोठ्याने वाचू लागला. एकेक मशिन बंद झालं, माणसं जवळ आली. प्रत्येक ओळीनंतर तुम्ही शांतपणे विचारायचात, "मंग?" शेवटची ओळ झाली तेव्हा म्हणालात, "आनि जॉब पलटायचा कवा? का दुसरी बाजू देव करनार?" मी जॉब, म्हणजे लेथवरचा तुकडा, उलटा धरायची पायरीच लिहिली नव्हती. सगळी शेड हसली. तुम्ही कागदाची चौकोनी घडी केलीत, तिच्यावर चहाचा ग्लास ठेवलात आणि म्हणालात, "बाय, लोखंडाला वाचता येतं का गो?"

मी स्टोअरमध्ये जाऊन रडले. तुम्हाला ते कळलं होतं, कारण दुपारी तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "स्टोअरमदी काय गंज चढवायला गेलेलीस?"

आणि त्या अकरा सीट. सीट म्हणजे व्हॉल्व्हच्या पोटातली कडी. तिच्यावर वरून प्लग घट्ट बसला की वाफ थांबते. तिच्या तोंडावर वेल्डिंगने एक कठीण धातू चढवायचा आणि मग तो घासून मापात आणायचा. त्या कठीण थरासाठी किती जागा सोडायची याचं माझं गणित चुकलं. शीटप्रमाणे काम केलं तर कडी मापाला कमी भरणार होती. तुम्हाला ते पहिल्या नजरेत दिसलं. तरी तुम्ही अकराच्या अकरा सीट माझ्या कागदाप्रमाणे, एक अक्षर न बदलता बनवल्यात आणि ओळीने माझ्या टेबलावर आणून मांडल्यात. सगळ्या भंगार. मालक दाते साहेबांनी मला केबिनमध्ये उभं केलं आणि तुम्हालाही बोलावलं.

"कागदात व्हतं तसाच केला," तुम्ही म्हणालात. "आमी अडानी मानूस."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "एक केल्यावर सांगता आलं असतं ना?"

"येक केल्यावर सांगितला असता तं येकच लक्षात रायली असती."

काका, तुम्ही क्रूर होतात. हे मी आज लिहिते, कारण गेलेल्या माणसाला लोक लगेच मऊ करून टाकतात. परवा शेडमध्ये शोकसभा झाली, दोन मिनिटं उभं राहून झालं, तिथे कुणीतरी म्हणालं, "काका म्हणजे लोणी." तुम्ही लोणी नव्हतात. पण पुढे माझ्या हातून जाडीचं गणित कधी चुकलं नाही, हेही खरं आहे. त्या अकरा सीट मी अजून मनात एकामागून एक मोजू शकते.

त्या दिवसापासून मी वही घेऊन तुमच्या लेथशेजारी उभी राहायला लागले. तुम्ही पहिला महिनाभर माझ्याकडे पाठ करून काम केलंत. दुसऱ्या महिन्यात थोडे बाजूला सरकलात, म्हणजे मला दिसेल असे. तिसऱ्या महिन्यात बोलायला लागलात. चार वर्षं मी लिहून घेत होते. वेल्डिंगआधी कडी किती तापली हे बघायला तुम्ही बांबूची सुकी काडी टेकवायचात आणि तिची रेघ किती तपकिरी उमटते ते बघायचात. वेल्डिंग झालं की कडी भाताच्या तुसाच्या राखेत पुरायचात, म्हणजे ती हळूहळू निवेल आणि तडकणार नाही. राख राइस मिलमधून पोत्याने आणायचात आणि आधी पत्र्यावर गरम करून घ्यायचात. मी विचारलं होतं, राख कशाला तापवायची? तुम्ही म्हणालात, "पोराला गरम पान्यातून काढून गार वाऱ्यात ठेवशील का?" मी वहीत लिहिलं: राख गरम हवी. तुमचं पोर आणि वारा मी लिहिलं नाही.

त्या दिवसांत मी तुमच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळा खायला शिकले. आमच्या घरी अजून माहीत नाही. तुम्ही डबा सरकवायचात आणि बघायचात दुसरीकडेच. माझी शीट पसंत पडली की तिच्या कोपऱ्यात तुमच्या ग्रीस लागलेल्या अंगठ्याचा ठसा उमटायचा. बोलून पसंती तुम्ही कधी दिली नाहीत. तो काळा ठसा दिसला की मला दिवसभर भूक लागायची नाही, इतका आनंद व्हायचा. हे सांगायचं राहिलं होतं.

मग नवीन मशिन आलं. आकडे भरले की आपोआप चालणारं, काचेच्या दारामागे. दाते साहेबांनी पूजा केली, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं.

"वसुधा, हिराजी उद्या आला नाही तर काय होईल?"

"काम थांबेल."

"एका माणसाच्या हातावर कारखाना चालवायचा नसतो. त्याच्याकडे आहे ते सगळं कागदावर आण. कालचा पोरगाही वाचून करू शकेल असं."

"आणि मग काकांचं?"

"मग बघू."

मला त्या 'मग बघू'चा अर्थ कळला होता. कळला नव्हता असं मी पुढे अनेकदा स्वतःला सांगितलं, पण तुमच्यापाशी तरी खोटं कशाला. मला कळला होता, आणि तरी मला काम आवडलं. चार वर्षांच्या वह्या होत्या. त्यांतून चाळीसेक शीट तयार करायच्या, टाइप करून घ्यायच्या, खाली 'तयार करणार' म्हणून माझी सही. मला ते माझं पहिलं मोठं काम वाटत होतं.

तुम्हाला मी सांगितलं, "हल्ली गिऱ्हाइकांना सगळं कागदावर लागतं." तुम्ही मान हलवलीत. मग रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास, पॅकिंगच्या खोक्यावर बसून मी तुम्हाला एकेक शीट वाचून दाखवायची आणि तुम्ही चुका काढायचात. "इथं आधी भोक पाडलंस तं कडी वाकंल." "हितं टाइम कमी लिवलास, नवा मानूस घाई करंल." नव्या माणसाची काळजी करत होतात तुम्ही. तुम्हाला कारखान्याबाहेर काढणारा कागद तुम्ही स्वतः शुद्ध करून दिलात, आणि मी पेन्सिलीने दुरुस्त्या करत बसले होते.

एका दुपारी मी वाचलं, "सीट पंचेचाळीस अंश, प्लग पंचेचाळीस अंश." सीट आणि प्लग एकमेकांना टेकतात त्या उताराचा हा कोन. तुम्ही नाक खाजवलंत. मग विचारलंत, "गिराइकाच्या ड्रॉइंगमदी काय हाय?"

"पंचेचाळीसच. दोन्हीला."

"मंग पंचेचाळीसच लिव. कागदात कागदाचाच असू दे."

मी लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

शीट पूर्ण झाल्यावर दीड महिन्याने तुम्हाला केबिनमध्ये बोलावणं आलं. मी तिथेच होते. साहेबांनी पत्र टेबलावर ठेवलं, तुम्ही त्याच्याकडे नुसते बघत राहिलात. साहेबांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "वसुधा, वाचून दाखव त्याला."

मी वाचलं. आवाज कापला नाही माझा. 'नियोजन विभागाच्या अहवालानुसार आपलं काम आता नव्या मशिनवर होऊ शकत असल्याने आपल्या सेवेची गरज उरलेली नाही.' तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "नियोजन म्हंजे तू ना गो?"

"हो."

तुम्ही उठलात. खाली जाऊन लेथ पुसायला घेतलात. एक तास पुसत होतात, गिअरच्या दातांमधल्या फटी काडीने साफ करत. कुणी जवळ आलं नाही. मी वरच्या खिडकीतून बघत होते आणि मनात येत होतं, लवकर आटपा आता. इतकंच येत होतं.

तुम्ही कारखान्यातून गेल्यावर तिसऱ्या महिन्यात व्हॉल्व्ह गळायला लागले.

सीट मापात, प्लग मापात, ड्रॉइंगप्रमाणे, शीटप्रमाणे. पण दोन्ही एकत्र बसवून पाण्याचा दाब दिला की थेंब. आम्ही घासून घासून हात दुखवले. प्लगाला निळा रंग लावून सीटवर फिरवला की डाग पडायचे, एक इथे, एक तिथे, खरजेसारखे. एका खताच्या कारखान्याचं मोठं काम अंगावर होतं. त्यांचा कारखाना दुरुस्तीसाठी थोडे दिवसच बंद राहणार होता आणि त्याआधी माल जायला हवा होता. साहेब म्हणाले, "जा हिराजीकडे. तुझं ऐकेल."

मी करंजाड्याला तुमच्या घरी आले. पहिल्या खेपेला तुम्ही ओटीवर बसलेले मला दिसत होतात आणि काकी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घरात नायत." त्यांना ते सांगताना लाज वाटत होती. दुसऱ्या खेपेला तुम्ही मला अंगणात बसवलंत आणि आत जाऊन झोपलात. मी दोन तास उन्हात बसले, शेजारच्या बायका माझ्याकडे बघत भात पाखडत होत्या. तिसऱ्या खेपेला तुम्ही बाहेर आलात, शेजारपाजारच्यांना हाक मारून बोलावलंत आणि मला म्हणालात, "आता मोठ्यानं बोल. काय केलास आनि कनाला आलीस."

मी बोलले. "तुमच्याकडून शिकून, लिहून घेऊन, मी तुमची नोकरी घालवली."

"आनि आता?"

"आता आमचं काम अडलंय."

"कोनाकडं?"

"तुमच्याकडे."

लोक हसले. पहिल्या दिवशी शेड हसली होती तसेच. फक्त काकी हसल्या नाहीत. त्यांनी मला पाणी आणून दिलं. तुम्ही लोकांना घालवून दिलंत, माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि काडीने मातीत दोन रेघा ओढल्यात.

"दोगांचा कोन सारका नको. सीट पंचेचाळीस, प्लगाला अर्धा अंश कमी. मंग ते अंगभर नाय टेकत, येका रेघंवर टेकतात. सगला दाब त्या रेघंवर. पानी जाईल कुठनं?"

"पण ड्रॉइंगमध्ये दोन्ही पंचेचाळीस आहेत."

"ड्रॉइंग तुजा. व्हॉल मी बनवलेत."

घरी परतताना त्या खडीच्या रस्त्यावर मी विचार करत चालले होते. या माणसाने मला तीन खेपा घालायला लावल्या. भरअंगणात नाक घासायला लावलं. हाच माणूस एकदा अकरा सीट डोळ्यांदेखत बिघडवून माझ्या टेबलावर मांडून गेला होता. आणि आता हा मला गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मोडायला सांगतोय. गिऱ्हाइकाच्या माणसाने कोन मोजला तर सगळा माल परत, आणि जबाबदार मी. इतकी वर्षं हे माझ्यापासून लपवलं ते आजच कशाला सांगेल? वसाहतीच्या वळणाला येईपर्यंत माझी खात्री झाली होती. तुम्ही सूड घेत होतात.

मी दोन्ही कोन पंचेचाळीसच ठेवले. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला, त्याच्यासमोर दाब दिला. थेंब मोजायची वेळ आली नाही, धार लागली. सगळा माल नाकारून तो चहा न घेता गेला.

केबिनमध्ये साहेबांनी विचारलं, "हिराजीने काय सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "चुकीचं सांगितलं. मुद्दाम."

हे पहिलं.

त्यानंतरच्या रविवारी, कारखाना बंद असताना, मी एकटी आले. नाकारलेला एक प्लग तुमच्या जुन्या लेथवर लावला. माझे हात तुमच्यासारखे नाहीत, तीन तास लागले. अर्धा अंश कमी केला. निळा रंग लावून फिरवला, आणि सीटवर केसाएवढी बारीक, सलग, गोल रेघ उमटली. दाब दिला. घड्याळ लावून बसले. एक थेंब नाही. खालचा कागद कोरडा राहिला.

त्या वेळी मला काय वाटलं हे तुम्हाला ऐकायचं असेल. पश्चात्ताप आधी नाही वाटला. आधी भीती वाटली, की हे आता कुणाला कळता कामा नये.

सोमवारी मी सांगितलं की मला एक युक्ती सुचली आहे. शीटमध्ये दुरुस्ती झाली, समोर माझी सही. गिऱ्हाइकाला पत्र लिहून मी कोन बदलायची परवानगी घेतली. तीन ओळींचं पत्र, चार दिवसांत होकार आला. इतकं सोपं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. शंकरने वाजवल्या नाहीत, पण तो काही बोललाही नाही.

हे दुसरं.

आणि मग तो फोन. तळोज्याच्या एका कारखान्यातून. तेही व्हॉल्व्हचे भाग बनवायचे. पलीकडचा माणूस सभ्य होता. "तुमच्याकडचे हिराजी आमच्याकडे येताहेत. हात बघितला आम्ही, सोन्यासारखा आहे. उद्यापासून घेतोय. फक्त माणूस कसा आहे तेवढं विचारायचं होतं." साहेब जागेवर नव्हते, फोन मी उचलला होता. मला हो म्हणायचं होतं. 'घ्या, डोळे मिटून घ्या' एवढंच म्हणायचं होतं. पण मी बघत होते: तुम्ही तळोज्याला बसलात, तिथे असाच प्लग बनवलात, अर्धा अंश कमी केलात, आणि कुणीतरी विचारलं, हे तर तुमच्या जुन्या कारखान्यातल्या मॅडमनी शोधलं ना?

मी म्हणाले, "हात चांगला आहे. पण राग धरतो आणि मुद्दाम काम बिघडवतो. आमचा एक अख्खा माल गेला त्याच्यामुळे."

तो म्हणाला, "बरं झालं विचारलं. थँक यू, मॅडम."

काका, हे तिसरं. आधीच्या दोन्हींना माझ्याकडे कारणं आहेत, लंगडी का होईना. याला नाही.

वसाहत लहान आहे. तळोज्याने नाकारलेल्या माणसाला मग कुणी घेतलं नाही. तुम्ही गावाशेजारच्या नव्या इमारतींच्या साइटवर वॉचमन झालात, सिमेंटच्या गोदामापाशी, खुर्ची टाकून. मी तिथून जायचं टाळायचे. दीड वर्षापूर्वी टाळता आलं नाही; रिक्षा बंद पडली ती नेमकी तिथे. दुपार होती. तुम्ही मला बघितलंत आणि तुमची खुर्ची पुढे सरकवलीत. स्वतः सिमेंटच्या पोत्यावर बसलात. तुमचे हात राखाडी झाले होते, बोटांच्या फटींत सिमेंट. त्या बोटांनी तुम्ही केसाच्या जाडीचा फरक ओळखायचात.

"लगीन केलास का?"

"नाही."

"आयबाप बरे हायत?"

"हो."

मग मी म्हणाले, "काका, तळोज्याच्या त्या कामाबद्दल मला तुम्हाला काही सांगायचंय."

तुम्ही हात वर केलात. "नको सांगू."

"तुम्हाला माहीत आहे?"

"सांगितलंस तं तुना बरा वाटंल. मना नाय."

एवढंच. मग तुम्ही रिक्षावाल्याला प्लग साफ कर म्हणून ओरडून सांगितलंत, रिक्षा सुरू झाली आणि मी गेले. वाटेत मला तुमचा राग आला होता. माफीही मागू द्यायची नाही, हा कसला माणूस. आता वाटतं, तुमच्याकडे द्यायला किंवा न द्यायला तेवढी एकच गोष्ट उरली होती.

आणि माझा एक वाद अजून संपलेला नाही. त्या दुपारी खोक्यावर बसून तुम्ही नाक खाजवलंत आणि 'कागदात कागदाचाच असू दे' म्हणालात, तेव्हा तुम्हाला सगळं कळलं होतं का? कागद कशासाठी लिहिला जातोय ते ओळखून तुम्ही तो अर्धा अंश स्वतःकडे ठेवून घेतलात का? की खरंच वाटलं, ही पोर ड्रॉइंगविरुद्ध लिहील आणि अडचणीत येईल, म्हणून गप्प राहिलात? तुम्ही मला फसवलंत की जपलंत? फसवलं असेल तर माझा थोडा भार उतरतो. रात्रंदिवस मी तुम्हाला लबाड ठरवायचा प्रयत्न करते. जमत नाही. मग उलटं ठरवायला जाते, तेही जमत नाही. तुम्ही दोन्ही करू शकला असतात, एकाच वेळी.

काल मी करंजाड्याला जाऊन आले. जायचं धाडस मी सात दिवस गोळा करत होते. ठरवून गेले होते की काकींना सगळं सांगायचं, तुम्ही अडवलंत तरी त्या अडवणार नाहीत. काकींनी मला ओटीवर चटईवर बसवलं. घरात पाहुणे होते, ते आत गेले. काकी वाळल्या आहेत. त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली.

"त्या दिशी तुमाला अंगनात सगल्यांसमोर बोलायला लावला, ते मना आवडला नवता. मी त्यांना बोलली पन. तुमचा काय दोस? मालक सांगंल तसा करायला लागतंय."

मी मान खाली घातली. "काकी—"

"ती नोकरी गेली त्याचा मना काय नाय वाटत. पन तलोज्याचा काम चालून आलता हो. दुसऱ्या दिशी जायचा व्हता, मी डबा करून ठेवलेला. सांजच्याला आले आनि बोलले, मीच नको सांगितला त्यांना. मना नाय जमनार. का, तं काय बोललेच नाय." त्या पदराने तोंड पुसत होत्या. "मी चिडली. तवापासून रोज बोलायची त्यांना. सिमेंटनं खोकला झाला तवा बोलली, दवाखान्यात नेताना रिक्षात पन बोलली. तुमच्या ताठ्यानं हे झाला, असा. ते आयकून घेयाचे. शेवटाला पन मी हेच बोलत व्हती."

तुम्ही हे मला वाचवायला केलंत असं मी मानणार नाही. एका पोरीच्या एका वाक्यावर आपल्याला नाकारलं, हे बायकोला सांगणं तुम्हाला जमलं नसेल. पण कारण काहीही असो, माझ्या वाक्याची शिक्षा तुम्हाला तुमच्या घरात, तुमच्या बायकोच्या तोंडून, रोज मिळत होती. रिक्षातसुद्धा. आणि ती बाई आता तुम्हाला शेवटचं काय बोलली ते घेऊन बसली आहे.

मी तोंड उघडलं असतं तर त्यांचं ते ओझं उतरलं असतं. त्याला एकच वाक्य पुरलं असतं.

काकींनी आतून चहा मागवला. बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "तुमी तं त्यांच्यासंगती येवढी वर्षं काम केला. तुमालाच ठाव असंल. का सोडला असंल हो त्यांनी ते काम?"

मी म्हणाले, "काका हट्टीच होते."

"तेच तं," काकी म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मी चहा संपवला.